द्वारकाकाकूंचा आग्रह आणि चार मासे

एका गावात एक द्वारकाकाकू राहायच्या. आग्रह करावा तर त्यांनीच! पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तर त्या बोटांच्या फटीतून तूप सोडायच्या.

लेक सासरी गेली आणि एकट्या काकूंना घर खायला उठलं. आता वाढायचं कुणाला? म्हणून त्यांनी बाजारातून काचेची पेटी आणि चार सोनेरी मासे आणले. पहिल्याच दिवशी त्यांना हौसेने चार वेळा खाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले.

"अगंबाई, भुकेलेत की बिचारे!" काकूंनी चिमूटभर खाणं टाकलं. तोंडं उघडीच. मग मूठभर टाकलं. मासे खाईनात आणि वरून हलेनातही. कल्ले नुसते भात्यासारखे चालले होते. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. हेही गेले, तर घर पुन्हा ओकंबोकं!

नेमके त्याच दिवशी जावई आले. काकूंनी डोळे पुसून पुरणाचा घाट घातला. "एवढी एकच, माझ्या गळ्याची शपथ!" असं करत जावयांच्या पोटात किती पोळ्या गेल्या, देव जाणे. शेवटी ते कसेबसे उठले आणि खिडकीशी जाऊन तोंड उघडं टाकून धापा टाकू लागले. काकू आणखी एक पोळी घेऊन मागे धावल्याच.

"आई, भूक नाही हो! श्वास घेऊ द्या जरा!"

काकू जागच्या जागी थबकल्या. त्यांनी जावयांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माशांच्या. तीच तऱ्हा! त्यांनी पेटीत नाक घातलं, तर कुबट वास. तळाशी खाण्याचा थर कुजत पडलेला.

"जळलं मेलं माझं प्रेम!" म्हणत काकूंनी पदर खोचला. तळचा गाळ उपसला. थोडं जुनं पाणी काढलं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी उंचावरून बारीक धारेने सोडलं. खाण्याचा डबा फडताळात बंद केला आणि देवाचं नाव घेत बसल्या.

दिवेलागणीला एकेक मासा खाली उतरला आणि शेपटी हलवत फिरू लागला. "जगले गं बाई!" काकू लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागल्या.

रात्री जेवताना जावयांनी भीतभीतच पानावर हात आडवा धरला. काकूंनी तूप वाढायचा चमचा मुकाट्याने खाली ठेवला. जावयांचा जीव भांड्यात पडला.

तात्पर्य: उघडं तोंड दिसलं की लगेच घास भरवू नये, भूक लागली आहे की जीव गुदमरतो आहे, ते आधी पाहावं.