ग्रुपची आत्या

मंगळवारी सकाळी ठीक अकरा वाजून दहा मिनिटांनी मिरजेच्या 'चिमणी पाखरं' या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला अचानक मालक उगवला. तोवर लेकरू शिंकलं तरी जिवाचं पाणी होणारी शेवंता आणि तिच्यासारख्याच आया तो ग्रुप पाळीपाळीनं सांभाळायच्या.

बाळाची पावडर विकणाऱ्या एका कंपनीनं त्यांच्या मेळाव्याला मांडव दिला, झबली वाटली आणि ग्रुपचं नाव बदलून 'गुटगुटीत परिवार' ठेवलं. त्या मांडवातच कंपनीच्या खासनीस साहेबांनी माइक धरला. "नाव आमचं, म्हणजे ग्रुप आमचा. ॲडमिनपद सोडा. यापुढं फक्त आमच्या पावडरीचं बोलायचं."

शेवंताच्या मनात आलं, बाळ तापलं तर आता विचारायचं कुणाला? ती बाळाला कडेवर घेऊन उठलीच.

"साहेब, तुमच्या मुलाच्या बारशाला झबलं कुणी आणलं?"

"माझ्या बहिणीनं. आत्याचा मानच असतो तो."

"आणि नाव?"

"तेही तिनंच ठेवलं."

"मग पोरगं घेऊन गेली का ती?"

मांडवात खसखस पिकली. साहेब म्हणाले, "अहो, पण..."

"तुम्ही नाव ठेवलंत, झबली आणलीत. म्हणजे तुम्ही आमच्या ग्रुपची आत्या! मान घ्या, जेवून जा. फक्त एक राहिलं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात."

मांडवभर बायकांनी पदर खोचले. साहेबांनी माइक ठेवला आणि पाठ सांभाळत गाडी गाठली. जेवणाआधीच ग्रुपला जुनं नाव परत आलं.

बायांनो, तुमच्या ग्रुपवर कुणी झबली घेऊन आलं, तर ही गोष्ट पुढच्या आईला जरूर सांगा.