संकष्टीचा उपास

नवरा कोठडीत मार खाणाऱ्यांचे खटले लढवतो, म्हणून हेमलतेनं गणरायाला बोलून ठेवलं होतं, "यांना सुखरूप ठेव, आम्ही दोघं जन्मभर संकष्टी करू." यंदा वसंतराव वकिलांना मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते नाहीसे झाले.

संकष्टीच्या दुपारी पुरस्कारवाले पाहुणे आणि पत्रकार घरी आले. मागोमाग कपाळभर गंध लावलेले इन्स्पेक्टर घोरपडे आले. "वहिनी, वकीलसाहेब कुठंतरी पळालेत. आमच्याकडे नाहीत."

उलट बोललं तर नवऱ्याचं प्रेतच हाती येईल, या धास्तीनं हेमलता हळूच म्हणाली, "साहेब, आज त्यांना मटण चारून उपास मोडलात म्हणे. कुठं फेडाल हे पाप?"

घोरपडे उसळले. "मी स्वतः संकष्टी करतो! सकाळपासून साबुदाण्याशिवाय काही दिलं नाही त्यांना!" मग त्यांनी जीभ चावली, पण पत्रकारांनी ऐकलं होतं.

"मग चंद्रोदयाला घरी पाठवा," हेमलता म्हणाली. "मोदक करून ठेवते. पाहुणेही थांबतील."

चंद्र उगवायच्या आत वसंतराव लंगडत दारात आले.

बायांनो, कुणाचं माणूस असं नेलं तर भीती वाटेलच. तरी चारचौघांत विचारा, आणि शेजारीण विचारत असेल तर तिच्याजवळ जाऊन उभ्या राहा.