धरून ठेवलेलं

“बरी कधी होईल, तेवढंच सांगा. बाकी मला काही विचारायचं नाही.”

निरंजन काळमेघनं हातातली जाड फाईल ओसरीवर ठेवली. फाईलवर निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली.

समोर उमाई वाकळ शिवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

उमाई महानुभाव पंथातल्या तपस्विनी. वय ऐंशीच्या पुढं, अंगावर काळी वस्त्रं, गुडघे पार गेलेले. पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवायच्या. मोर्शीच्या बाजूला एका लहान गावात त्यांचा चार खोल्यांचा आश्रम होता. निरंजनच्या आईनं तरुणपणी तिथं उपदेश घेतला होता. “एकदा पोरीला घेऊन उमाईकडे जाऊन ये,” असं ती सहा महिने म्हणत होती. निरंजन सहा महिने टाळत होता.

“कोन बरी व्हायची?” उमाईंनी विचारलं.

“माझी मुलगी. चार्वी. ती काय, तिथं बसली आहे.”

अंगणात बकुळीच्या पारावर नऊ वर्षांची चार्वी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, अगदी शहाण्यासारखी.

“काय झालं तिले?”

निरंजन याच प्रश्नाची वाट पाहत होता. तो अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, आणि मुलीच्या आजाराबद्दल त्याच्याइतकं बोलणारा माणूस जिल्ह्यात नव्हता.

फेब्रुवारीत चार्वीचा घसा दुखला. दोन दिवस ताप आला, गेला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती वेगळीच उठली. डोळे सारखे मिचकवत होती. मान झटकत होती. घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज यायचा. आई दुसऱ्या खोलीत गेली तरी चार्वी किंचाळायची. हात धुवायला लागली की नळ सोडेना.

एक डॉक्टर म्हणाले, मोबाईल बंद करा. दुसरे म्हणाले, लाड बंद करा. शेजारी म्हणाले, नजर लागली.

निरंजननं ऐकून घेतलं नाही. रात्रंदिवस वाचलं. घशाची तपासणी करा, रक्त तपासा म्हणून हटून बसला. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं... पँडास. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज वाट चुकते आणि मेंदूवरच उलटते, असं त्यांनी समजावलं. औषधं सुरू झाली. मग दवाखान्यात ठेवून शिरेतून दिलेले दोन मोठे डोस झाले.

“आणि दुसऱ्या डोसनंतर वाढलं,” निरंजन म्हणाला. “कमी व्हायचं सोडून वाढलं. डॉक्टर म्हणतात, असं वरखाली होतं, धीर धरा. किती धरायचा? माझ्याकडे पाच महिन्यांची नोंद आहे. तास, प्रकार, आकडा. त्याआधी काय खाल्लं, किती झोपली. एक दिवस सुटलेला नाही.”

“तू लिवतं?”

“मीच. हा आजार मी शोधून काढला आहे, उमाई. मी नसतो तर ही पोर अजून अंगारे लावून घेत बसली असती.”

“हाव. ते खरं,” उमाई म्हणाल्या.

इतक्या सहज मान्य झालेलं निरंजनला अपेक्षित नव्हतं. त्याचा आवाज खाली आला.

“तुम्ही तिला आधी बघितलं नाही. गायची. झाडावर चढायची. आता जी बसली आहे ना... ती माझी मुलगी नाही. मला माझी मुलगी परत पाहिजे.”

उमाईंची सुई थांबली.

“हळू बोल. कान हायेत तिले.”

...

उमाईंनी सुईत नवा दोरा ओवला.

मग उमाईंनी वाकळीच्या चौकटीवर बोट ठेवलं. “माह्याकडं पाह्य. ही येवढी एक ओळ शिवून होईतोवर पापणी लववू नको.”

“कशासाठी?”

“जमत नसंल तर राहू दे.”

निरंजन सरसावून बसला. ओळ वीतभर होती.

पहिले काही टाके सोपे गेले. मग डोळे कोरडे पडले. मग चुरचुरायला लागले. मग पापणीच्या आत कुणी वाळू फिरवतं आहे असं झालं. उमाईंचा चेहरा हलायला लागला. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं. डोक्यात एकच गोष्ट उरली... मीट, मीट, मीट.

पापणी पडली.

सुई अर्ध्यावरही पोचली नव्हती.

“पुन्हा,” उमाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी तो आणखी लवकर हरला.

“पुन्हा. आन् या खेपेले सतराचा पाढा म्हन. चुकायचं नाई. तोंडावर हासू पाह्यजे.”

“हे काय चाललं आहे?”

“म्हन ना. शिकवतं ना कॉलेजात?”

सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न... सतरा पंचे म्हणताना त्याचं हसू वाकडं झालं. सतरा सक म्हणताना आकडाच आठवेना. सतरा सक किती, हे संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला सांगता आलं नाही. त्यानं दोन्ही तळहातांनी डोळे दाबून धरले.

उमाईंनी तांब्या पुढं केला. त्यानं डोळ्यांवर पाणी मारलं.

“तुह्या वहीत,” त्या म्हणाल्या, “सगळ्यात कमी आकडा कवा असते?”

“संध्याकाळी. सात ते आठ.”

“तवा काय असते?”

“अभ्यास. मी समोर बसतो. मोजायला.”

“वाच.”

निरंजननं वही उघडली. “चौसष्ट. एकसष्ट. मग इथं एकदम... एक्केचाळीस. त्या दिवशी मी तिला शाब्बास म्हणालो. मग तीस. एकोणीस. अकरा.”

“आन् आठनंतर?”

“तिथंच तर वाढतं. सुचिता मांडते ते, माझी बायको. झोपवताना. एकशेवीस. दीडशे. इथं तिनं लिहिलंय, मोजता आलं नाही. मला वाटलं जेवणामुळं होतंय. म्हणून दही बंद केलं. मग पोळी बंद केली...”

तो वाचता वाचता थांबला.

बोट अकरावर होतं. त्यानं ते सावकाश शेजारच्या रकान्यावर नेलं. परत अकरावर आणलं. पुन्हा तिकडं नेलं.

एकीकडे आकडा उतरत होता, दुसरीकडे चढत होता. रोज. शाब्बास म्हटल्या दिवसापासून. त्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पाहताक्षणी ओळखेल, इतकं ते सरळ होतं.

“तू गाडी लावत होता,” उमाई हळूच म्हणाल्या, “तवा ती इथं माह्यापाशी बसली व्हती. मान, खांदे, आवाज, सारं चालू व्हतं. तू पायरी चढला... आन् गप झाली.”

निरंजननं बकुळीकडं पाहिलं.

ताठ पाठ. मांडीवर हात. इतका वेळ.

त्याला एक ओळ जमली नव्हती.

...

तो उठून पारापाशी गेला आणि तिच्याशेजारी बसला. चार्वीनं आधी त्याच्या हातांकडं पाहिलं.

“वही?”

“तिकडं राहिली.”

बकुळीचं एक फूल तिच्या मांडीवर पडलं होतं. तिनं ते झटकलं नव्हतं. चपलेतली बोटं मात्र घट्ट आवळलेली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

“चारू, माझ्यासमोर तू धरून ठेवतेस का गं?”

तिनं मान खाली घातली. “तुम्ही खूश होता ना मग.”

निरंजननं तिच्या मांडीवरचं फूल उचललं. “सोड आता,” तो म्हणाला.

“खूप आहे, बाबा.”

“असू दे.”

“तुम्ही आईसारखे रडाल.”

“रडीन. तू सोड.”

तिनं एकदा त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. आणि सोडलं.

मान एका बाजूला गेली, परत आली, परत गेली. खांदे उडाले. पापण्या फडफडल्या. घशातला आवाज एकामागून एक सुटला, इतका मोठा की आश्रमाच्या कौलांवरची कबुतरं उठली. सवयीनं निरंजनच्या डोक्यात आकडे सुरू झाले. अकरा, बारा, तेरा, चौदा... आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याची मोजणी चुकली. त्यानं ती पुन्हा लावली नाही. तो नुसता पाहत राहिला.

आणि मग त्याला दिसलं. प्रत्येक झटक्यानंतर तिचा चेहरा जागेवर परत येत होता. तेच कपाळ, तेच कुतूहलाचे डोळे. पुढचा झटका त्यांना ओढून न्यायचा, आणि ते पुन्हा परत यायचे. कुणी मदत करत नव्हतं. ती एकटीच परत येत होती, दर वेळी. मधल्या एका फटीत तिनं त्याच्या बाहीवर चढलेला मुंगळा अलगद चिमटीत धरला, मातीत सोडला, आणि मग तिची मान पुन्हा गेली.

वादळ ओसरायला बराच वेळ लागला. ती दमून त्याला टेकली.

“तुमचे डोळे लाल झालेत.”

“उमाईंनी पापणी मिटू नको म्हणून सांगितलं होतं. जमलं नाही मला.”

“लगेच मिटली?”

“हो.”

“पहिल्यांदा तसंच होतं,” चार्वी समजूत घालत म्हणाली. “मी सांगू कसं करायचं?”

“सांग.”

“डोळ्यातलं डोळ्यात नाही धरायचं. ते पायाच्या अंगठ्यात पाठवायचं. शाळेत बूट असतो ना, कुणाला दिसत नाही. अंगठा भरला की मग पेन्सिलीत. पेन्सिल जोरात दाबायची. तेवढं मधल्या सुट्टीपर्यंत पुरतं. मग बाथरूममध्ये जाऊन सगळं सोडायचं. नळ चालू ठेवायचा, म्हणजे आवाज ऐकू येत नाही.”

नळ. शाळेत हात धुणं, रोज मधल्या सुट्टीत. बाईंना विचारून त्यानं ते वहीत लिहिलं होतं, तांबड्या शाईनं.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“कुणी नाही. हळूहळू जमलं.”

या पोरीनं पाच महिने, रोज, भागाकार सोडवता सोडवता, हजेरीला ‘हजर’ म्हणता म्हणता, बापाकडं बघून हसता हसता हे केलं होतं. आणि आपण समोर बसून आकडे मांडत होतो.

“मला एकदा करून दाखवशील?” त्यानं विचारलं. “म्हणजे आत्ता नाही. तुला वाटेल तेव्हा.”

“दाखवीन. पण तुम्हाला वेळ लागेल, बाबा.”

पुढं तिसरा डोस झाला. औषधं दीड वर्ष चालली. घसा दुखला की आजार पुन्हा उसळायचा, पुन्हा बसायचा, पण दर खेपेला आधीपेक्षा कमी. धरून न ठेवता त्या लाटेशी कसं वागायचं, ते नागपूरच्या एका समुपदेशक बाईंनी तिला खेळातून शिकवलं. दही आणि पोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी तो ओसरीपाशी परत आला तेव्हा त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघालाच नाही.

“मी काय करू?” त्यानं विचारलं.

“औषध चालू हाय ना?”

“हो.”

“चालू ठेव. डाक्टर सांगन ते सारं कर. तूच धुंडलं, तूच तडीस ने.”

“आणि वही?”

“डाक्टरले लागंल तेवढी लिव. तिच्या तोंडासमोर नको.”

निघायची वेळ झाली. निरंजननं चार्वीला खुणावलं. ती पुढं आली आणि गुडघे टेकून तिनं उमाईंना दंडवत घातला. उठली. चेहऱ्यावर ती ओळखीची बेचैनी आली... नीट झालं नाही. पुन्हा वाकली. वाकताना मान झटकली, कपाळ फरशीवर आपटलं. पुन्हा उठली. पुन्हा नीट झालं नाही.

“पुरे,” निरंजनच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं गिळलं.

तेवढ्यात त्यानं पाहिलं. उमाईंनी खांबाला धरलं, वाकळ बाजूला सारली, आणि ते गेलेले गुडघे एकेक करून खाली टेकले. कपाळ फरशीला लावलं. चार्वीच्या पुढ्यात.

चार्वी तिसऱ्यांदा वाकली. खांबाला धरून उठलेल्या उमाई पुन्हा खाली गेल्या. चौथ्यांदा. पुन्हा. हाडं वाजत होती, ओसरीभर ऐकू येत होती. म्हातारीला श्वास पुरत नव्हता, तरी एकाही वेळेला तिनं नुसते हात जोडून भागवलं नाही.

पाचव्या खेपेला चार्वी उठली आणि तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसली. खुदकन. मग धावत गाडीकडं गेली.

निरंजननं पुढं होऊन उमाईंना दोन्ही हातांनी धरून उठवलं.

“तुम्ही कशाला एवढा त्रास घेतला, उमाई? तिचा तो आजार आहे. तो तिला करायला लावतो...”

उमाईंनी कपाळाची धूळ पुसली नाही. श्वास जागेवर येईपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या,

“म्या का आजाराले दंडवत घातला, बापू?”