ओटीतली द्राक्षे

एकदा एका द्राक्षबागेत घडांबरोबर संशयही पिकला, आणि तो पिकला सोपानच्या मनात. हा सोपान एका वृद्ध बागाईतदाराकडे बागेची विद्या शिकत होता. त्या वृद्धाला सारे आबा म्हणत. सोपानची त्यांच्यावर अपार श्रद्धा होती. निदान त्या सकाळपर्यंत तरी होती.

झाले असे, की दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचे, मंदाकिनीचे, डोहाळजेवण होते. तिला डोहाळे लागले होते द्राक्षांचे, तेही नवऱ्याने स्वतः जोपासलेल्या याच बागेतल्या. सोपानने कात्री उचलली, तोच आबा कडाडले, "ठेव ती खाली! एक मणी तोडायचा नाही."

"आबा, ओटीपुरता एक घड मागतोय. धुऊन घेतो की!"

"नाही म्हणजे नाही."

दुपारी व्यापारी आला. घड गोडीला उतरलेले, तरी आबांनी त्यालाही बांधावरूनच परत पाठवले. सोपानच्या मनात पाल चुकचुकली. म्हाताऱ्याने दुसरा व्यापारी गाठला असणार!

आता संशय हा मोठा उद्योगी पाहुणा असतो बरे. एकदा घरात घेतला, की पुरावेही तोच गोळा करून आणतो. संध्याकाळी सोपानने पाहिले, आबा निरनिराळ्या वेलींवरचे घड कापून पिशवीत भरत होते. ती पिशवी त्यांनी तालुक्याला निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती दिली. सोपानचे डोकेच फिरले. माझ्या बायकोला एक मणी नाही, आणि परक्याला पिशवी भरून!

सकाळी तो ताडताड आला. "आबा, उद्यापासून मी येणार नाही. तुमची पिशवी पाहिली मी काल."

"ती प्रयोगशाळेत गेली," आबा म्हणाले. "अवेळी ढग आले, म्हणून रोगाच्या भीतीनं आपण तोडणी जवळ आली असताना औषध मारलं. मारणारा तूच, विसरलास? औषध घडावर बसतं, थोडं सालीत मुरतं. ते मुरलेलं धुऊन जात नाही. ऊन, वारा आणि फळातली जीवक्रिया त्याचं हळूहळू विघटन करतात. फवारणीनंतर थांबायची, डब्यावर लिहिलेली मुदत संपली खरी, पण मधे आभाळ सारखं भरलेलं. ऊनच नाही, तर सगळं विरलं कशावरून? संशय मलाही आला, सोपान. मी तो तपासायला धाडला. तू तुझा उशाशी घेऊन झोपलास."

सोपानची मान खाली गेली. "पण काल सांगायचं होतंत ना, आबा."

"होय, तिथं चुकलो. नुसता ओरडलो. पण तूही विचारलं नाहीस. औषधाचा अंश उन्हावाऱ्यानं विरतो रे, मनातला संशय नाही विरत. त्याला तोंड उघडावं लागतं."

एवढे बोलून आबा घरामागे गेले आणि एक घड घेऊन आले. मणी लहानमोठे, काहींवर भुरी रोगाचे पांढरट डाग. "रूप नाही याला. पण या वेलीला औषधाचा थेंबही लावलेला नाही. सूनबाईच्या ओटीत हाच घाल."

"ही एकच वेल का सोडलीत, आबा?"

"मंदाकिनीला दिवस गेल्याचं तू सांगितलंस ना, त्याच दिवशी ही वेगळी काढली."

सोपानच्या डोळ्यांत पाणी आले. घड त्याने दोन्ही हातांत घेतला. तो म्हणाला, "आबा, जेवायला याल ना?"

"येणार तर! तू बोलावतोस की नाही, एवढाच एक संशय माझ्याकडे उरला होता."