कल्हई झालेली दोन पातेली

भांडी बोलायची आणि आम्ही भांड्यांचे दुकानदार ऐकायचो, त्या काळची गोष्ट. नाताळाआधी मार्थाबाईंची दोन काळी पडलेली पितळी पातेली कल्हईवाल्याने मोल न घेता आतून चकचकीत करून दिली.

धाकटं रोज राखेने घासून घेई. थोरलं मात्र शिळं ताक पोटात लपवून फडताळात मागे सरके. "एकदा कल्हई झाली म्हणजे सगळ्या डागांना माफी झाली ना, धाकल्या? मग रोज अंग कशाला खरवडून घेतोस?"

"माफी झाली म्हणूनच तर डाग दाखवायची भीती नाही, दादा."

आंबट ताकाने कल्हई खाल्ली, पितळ ताकात उतरलं. घाईत मार्थाबाईंनी तेच लेकीला पाजलं. लेक दगावली.

लेकीच्या मातीला कल्हईवालाही आला. मग घरी फडताळापाशी बसून थोरल्याला म्हणाला, "ये, पुन्हा कल्हई करून देतो."

थोरलं भिंतीकडे वळलं. रोज एक डाग दाखवायची सवय नव्हती. एवढा मोठा एकदम कसा दाखवणार?