मिशी, बकरी आणि कीर्तिप्रसारक मंडळ

बकरीने राजाची मिशी खाल्ली, आणि तीही भर दसऱ्याच्या मिरवणुकीत!

उंबरगडच्या गजसेन महाराजांची मिशी खोटी आहे, डिंकाने चिकटवलेली आहे, हे तोवर फक्त राणीसाहेबांना आणि न्हाव्याला ठाऊक होतं. महाराज हातात आपट्याची पानं घेऊन पालखीतून वाकले. सटवाजी दवंडीवाल्याच्या बकरीने पानांकडे मान उंच केली आणि जे आधी तोंडाला लागलं ते ओढलं. पानं राहिली, मिशी गेली! सारा गाव बघत होता.

महाराजांनी तोंडावर शेला धरला आणि कीर्तिप्रसारक मंडळाच्या उंबरगड शाखेला बोलावणं धाडलं. राजाची कीर्ती घरोघर पोहोचवायची, हे या मंडळाचं काम. शाखेत अकरा म्हातारे होते. दर पौर्णिमेला ते बैठक भरवत आणि एकमेकांना शाल-श्रीफळ देत.

"आजवर माझ्या बातम्या पसरवल्यात," महाराज शेल्याआडून गरजले, "आता ही पसरलेली गोळा करा! आठव्या दिवशी मी बाजारात फिरणार. कुणाच्या तोंडून मिशीचं नाव निघालं, तर या प्रकरणातला दोषी माणूस हद्दपार! तो कोण, ते तुम्हीच ठरवा!"

शाखेची तातडीची बैठक बसली. पहिला दिवस दामोदरपंतांना अध्यक्षपदासाठी सुचवण्यात गेला. ते वीस वर्षं अध्यक्षच होते, पण सुचवायला नको? दुसऱ्या दिवशी एकमताने ठराव झाला, की दोषी सटवाजी. हद्दपार त्यालाच करावं, बकरीसकट. तिसऱ्या दिवशी त्याच सटवाजीला दवंडी पिटायला लावलं, "ऐका हो ऐका! महाराजांच्या मिशीबद्दल कुणी बोलू नये हो!"

झालं! ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही विचारू लागले. शेजारच्या गावांतून बैलगाड्या भरभरून माणसं बकरी बघायला आली.

सटवाजीची लेक भिवरा शाखेत सतरंज्या अंथरायची. दहा वर्षं तिने कोपऱ्यात उभं राहून प्रत्येक भाषण ऐकलं होतं. त्यातलं एकही तिला आठवत नव्हतं. घरी बाप गाडगी-मडकी बांधायला लागलेला पाहून ती तडक बैठकीत शिरली आणि हातातली सतरंजी दाणकन आपटली.

"आजोबा, माझा बा गाव सोडून चाललाय आणि तुम्ही अनुमोदन कसलं देताय?"

"भिवरे, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये."

"मोठी माणसं नुसती बोलतच बसलीत, म्हणून तर बोलतेय! उरलेले दिवस माझ्या हाती द्या."

"आणि आम्ही काय करायचं?"

"काही नवं नाही. पौर्णिमेला करता तेच रोज करा."

अकराही म्हाताऱ्यांचे चेहरे उजळले. इतकं सोपं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सटवाजीची दवंडी फिरली, "ऐका हो ऐका! बकरीने मिशी खाल्लेली ज्याने पाहिली, त्याने शाखेत येऊन सांगावं हो! त्याचा सत्कार होईल हो!"

केरबा माळी नवा पटका बांधून आला. आत शिरताच दाराला कडी लागली. आभार संपेपर्यंत ती काढायची नाही, असा शाखेचा रिवाज होता. आधी दीपप्रज्वलन. मग स्वागत. मग स्वागत करणाऱ्याचं स्वागत. मग प्रास्ताविक, त्यात शाखेची स्थापना कोणत्या चिंचेखाली झाली, ती चिंच कुणाची, तिचा मूळ मालक कोण. मग दामोदरपंतांचं अध्यक्षीय भाषण, कारण ते नंतर विसरले असते. उन्हं कलली तेव्हा केरबाला उठवून सांगितलं, "वेळेअभावी दोनच शब्दांत सांगा."

"बकरीने खाल्ली," केरबा म्हणाला.

"वा!" म्हणत अकराही जणांनी एकेक करून त्याचे आभार मानले.

बाहेर पडल्यावर लोकांनी त्याला घेरलं. "केरबा, मिशीचं काय झालं रे?"

"कसली मिशी?" केरबा ओरडला. "मी त्या दिवशी गावात नव्हतो! मला मिशी हा प्रकारच ठाऊक नाही!"

पुढच्या दिवशी दोघे आले. त्यानंतर कुणी येईना. मग भिवरेने अकरा म्हाताऱ्यांना शाल-श्रीफळ घेऊन बाजारातच उतरवलं. कुणी 'मि' म्हटलं की म्हातारे त्याच्याकडे वळत, "सत्कारमूर्ती, चला!" माणसं दुकानं उघडी टाकून पळायची. एका बाईने तर नवऱ्याला दटावलं, "वरच्या ओठावर बोट ठेवू नका, ते बघतायत!"

आठव्या दिवशी महाराज बाजारात आले. शेला नाही, मिशी नाही, ओठ सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत! लोकांनी मुजरे केले आणि ते पुन्हा वांगी निवडू लागले.

महाराजांना राहवेना. त्यांनी भाजीवालीसमोर तोंड पुढे केलं. "काय गं, माझ्या तोंडावर काही कमी दिसतंय?"

"घाम पुसा, महाराज," ती म्हणाली. "आणि मेथी ताजी आहे!"

महाराज पलीकडे वळले. "केरबा! अरे, माझी मिशी कुठे गेली?"

केरबाने भाजीची गाडी तिथेच टाकली आणि तो वेशीपर्यंत पळत गेला.

दरबार भरला. महाराज नवी मिशी चिकटवून बसले. दामोदरपंतांनी घसा खाकरला, "महाराज, या यशाचं प्रास्ताविक करताना..."

"तुम्ही बसा!" महाराज म्हणाले. "पोरी, तू सांग. अख्ख्या गावाने पाहिलेली गोष्ट अख्खं गाव विसरलं कसं?"

"महाराज, लोकांना बोलू नका म्हटलं, तर ते बोलणारच. मी ती बातमी शाखेच्या स्वाधीन केली. तुम्ही अकरा लढाया जिंकल्याच्या बातम्याही शाखेनेच पसरवल्या होत्या. त्यातली एक तरी लढाई कुणाला आठवते का, विचारा!"

सेनापतीसुद्धा बोटं मोजू लागला आणि तीनवर अडकला.

मग महाराज हसले. असे हसले, असे हसले, की नवी मिशी सुटली आणि दामोदरपंतांच्या मांडीवर पडली! सगळा दरबार एकदम छताकडे बघू लागला.

"सटवाजीची हद्दपारी रद्द!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "त्याला नवा ढोल, बकरीला राजवाड्याचं कुरण, आणि आजपासून शाखेची अध्यक्ष तू! आणखी काय हवं ते माग."

भिवरेने वळून पाहिलं. अकरा म्हातारे दरबाराच्या दाराला कडी लावून, शाल उलगडत तिच्याकडेच येत होते.

"महाराज, एकच," ती घाईघाईने म्हणाली. "माझा सत्कार नको! आणि ती दाराची कडी आधी काढायला सांगा!"