रणधुमाळ राजाचा घरचा ऊद

कुणीतरी उदबत्त्यांचा नवा कोरा पुडा बादलीत बुडवून ठेवलाय. मी नाव घेत नाही. कुणी हात पांघरुणात लपवले, तेही मी पाहिलेलं नाही. असू दे. उद्या आपण घरीच करू. एका राजाला जमलं होतं, आणि त्याला तर स्वतःचं धोतरही नेसता येत नव्हतं. या अशा जवळ.

एका मोठ्या नदीच्या काठी होता रणधुमाळ राजा. लढाईत शूर, घरात पाहुणा. त्याची केतकीराणी डोंगराकडची. त्यांना होती एक तान्ही मुलगी, छकुली. ही छकुली झोपायचीच नाही, बरं का. दिवसा जागी, रात्री जागी. पाळणा हलवून दासींचे हात दुखले. अंगाई गाऊन गवयाचा घसा बसला. आणि राणीची पाठ अंथरुणाला कधी लागली होती, ते राणीलाही आठवेना.

शेवटी राणी म्हणाली, "आमच्या माहेरी बाळाला न्हाऊ घातलं की घरच्या उदाची धुरी देतात. तेवढं करा. उद्या दिवेलागणीला पोर झोपली नाही, तर तिला घेऊन मी माहेरी चालले. परत यायची नाही."

राजा घाबरला. आता गंमत ऐका. डोंगराकडे ऊद म्हणजे झाडाचा वासाचा डिंक. निखाऱ्यावर टाकतात तो. आणि राजाच्या नदीकाठी ऊद म्हणजे पाणमांजर. मिशा असतात, मासे खातं, ते. पण राजाने विचारलं का? राजे कुठे विचारतात. त्याने हुकूम सोडला.

मग प्रधान नदीत उतरला. तीनदा आपटला आणि एक गुबगुबीत ऊद पोत्यात घालून घेऊन आला. घरचा दिसावा म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधली.

"हे काय?" राणी म्हणाली.

"ऊद. घरचा. आता याची धुरी कशी द्यायची, ते सांग."

उदाने ते ऐकलं आणि तो थेट पाळण्याखाली शिरला. तिथून चीं चीं करायला लागला. छकुली खुदकन हसली आणि होती त्याहून जास्त जागी झाली.

राणीने कपाळाला हात लावला. मग ऊद म्हणजे काय, ते सगळं समजावून सांगितलं.

"डिंक होय," प्रधान म्हणाला. "मग आणू की बाजारातून."

त्याने आणला सगळ्यात भपकेबाज डबा. वर मोराचं चित्र. आतलं निखाऱ्यावर टाकलं आणि उठला काळाकुट्ट धूर. राजा शिंकला. प्रधान शिंकला. मग हत्ती शिंकला, आणि मुदपाकखान्याची कौलं उडून शेजारच्या गावात पडली. त्या लोकांनी लगेच त्या कौलांनी शेळ्यांचा गोठा शाकारून घेतला. छकुली रडून लाल झाली.

"मी घरचा म्हटलं होतं," राणी म्हणाली. "घरचा म्हणजे घरच्या माणसाने केलेला. पालखी तयार ठेवा."

राजाने मुकुट खुंटीला अडकवला.

"तू सांग," तो म्हणाला, "मी करतो."

दरबारी गालातल्या गालात हसले. राजाने बाह्या सरसावल्या. राणीने दिलेला उदाचा डिंक कुटला. वाळलेली शेणी कुटली. देवावरची सुकलेली फुलं चुरली. मग तुपात सगळं मळलं. पहिल्या कांडीत तूप जास्त झालं. ती मशालीसारखी भडकली, अर्धी मिशी गेली. दुसरी ओली होती, ती नुसतीच फुसफुसली. तिसरी वळताना तो पाळण्याखालचा ऊद बाहेर आला आणि दोन्ही पंज्यांनी कांड्या वळायला लागला. राजापेक्षा सरळ वळत होता हो. मग राजाने त्या उन्हात ठेवल्या आणि कावळे हाकत स्वतः राखण बसला.

दिवेलागण झाली. दाराशी पालखी उभी. राजाने कांडी निखाऱ्यावर ठेवली आणि हळूच फुंकर घातली. बारीक निळा धूर लाजत लाजत वर आला. त्याने पाळण्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. छकुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग एवढीशी जांभई दिली. मग डोळे मिटले.

राणी माहेरच्या गाठोड्यावरच डोकं ठेवून झोपली. राजा पाळण्याला टेकून घोरायला लागला. धूर पुढे गेला. प्रधान झोपला, हत्ती झोपला, भोई पालखीतच झोपले. राणी काही माहेरी गेली नाही. पुढे रोज संध्याकाळी राजा धुरी द्यायचा आणि सगळी सुखात नांदली. तुम्हीही मिटा आता डोळे.

त्या रात्री एक चोर तेवढा जागा होता, बरं का. त्याने उघडं दार पाहिलं, पोतं घेतलं आणि गुपचूप आत शिरला. एकच श्वास घेतला, लांबलचक जांभई दिली. मग पोतं उशाला घेऊन राजाशेजारी आडवा झाला आणि त्याला कोपराने ढोसून म्हणाला, "हळू घोरा की महाराज, पोर उठेल."